पिटबुल पाळायचा असेल तर आधी मालकाची परीक्षा घ्या

जुलै २०२५ मध्ये मुंबईच्या मानखुर्दमधला एक व्हिडिओ मोबाईलमोबाईलवर फिरला. उभ्या रिक्षात अकरा वर्षांचा मुलगा बसला आहे, जवळ पिटबुल आहे आणि समोर त्या कुत्र्याचा मालक. मुलगा भेदरून आक्रसून गेला आहे. कुत्रा त्याच्या अंगावर जातो, चावतो. मुलगा कसाबसा सुटून पळतो, कुत्रा त्याच्या मागे. या सगळ्या वेळात मालक हसतो आहे. पोलिसांनी त्याच्यावर गुन्हा नोंदवला, आणि त्यानंतर जो तो एकच मागणी करू लागला: पिटबुलवर बंदी घाला.

मला त्या व्हिडिओत कुत्र्यापेक्षा माणूसच जास्त दिसत राहिला. त्याच्याकडे लॅब्रॅडॉर असता तरी त्याने हेच केले असते. जखम कदाचित कमी खोल झाली असती, इतकेच. हे ‘कमी खोल’ होणेही महत्त्वाचे आहे, त्याबद्दल पुढे लिहितोच. पण आधी बंदीचे बोलू, कारण ती आपण एकदा घालून पाहिली आहे.

१२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागाने सगळ्या राज्यांना पत्र धाडले. माणसाच्या जिवाला धोकादायक ठरणाऱ्या २३ जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास, विक्री बंद करा, त्यांना परवाने देऊ नका, आणि जे आधीच लोकांच्या घरात आहेत त्यांचे निर्बीजीकरण करा, असा त्याचा मथितार्थ. यादी घाईने केलेली होती हे वाचताक्षणी कळत होते. टोसा या जपानी जातीचे नाव तीत दोनदा आले होते. ‘टेरियर’ असा मोघम उल्लेख होता, म्हणजे मांडीवर मावणारा यॉर्कशायर टेरियरसुद्धा धोकादायक ठरला. मॅस्टिफ म्हणजे नेमके कोणते, याचा खुलासा नव्हता. कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२४ रोजी ते पत्रक रद्द केले. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचे म्हणणे न ऐकता असा निर्णय घेता येत नाही, हे त्यामागचे मुख्य कारण. महिनाभरही न टिकलेल्या या बंदीने धोका तसूभरही कमी केला नाही. अशा घोषणांनी एक गोष्ट मात्र नेमाने होते. घाबरलेले मालक रात्री गाडी काढतात आणि रॉटवायलर किंवा पिटबुल शहराबाहेर सोडून येतात. प्राण्यांच्या निवाऱ्यात काम करणाऱ्या कुणालाही विचारा. माणसांत वाढलेला, भुकेने आणि भीतीने सैरभैर झालेला तो कुत्रा घरात होता त्यापेक्षा रस्त्यावर कितीतरी जास्त धोकादायक असतो.

बंदी मागणाऱ्यांचा राग खोटा नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये गोव्यात हणजूणला सात वर्षांचा मुलगा पिटबुलच्या हल्ल्यात गेला. पुढे २०२५ मध्ये गोवा सरकारने पिटबुल आणि रॉटवायलर यांच्यावर बंदीचा निर्णय घेतला. लखनौत जुलै २०२२ मध्ये ८२ वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेला त्यांच्याच घरातल्या पिटबुलने मारले. ज्यांच्या घरातले माणूस असे गेले, त्यांच्यासमोर ‘कुत्रा कधीच वाईट नसतो, मालक वाईट असतो’ हे घोषवाक्य म्हणण्याचा अधिकार आम्हा श्वानप्रेमींना नाही. मी स्वतः कुत्रा पाळणाऱ्यांतला आहे आणि हे वाक्य मी म्हणत नाही, कारण ते अर्धेच खरे आहे.

उरलेले अर्धे असे. माणसाने कुत्र्यांच्या जाती कामासाठी घडवल्या. पिटबुलचे पूर्वज इंग्लंडमध्ये बैलावर सोडण्यासाठी तयार केले होते. १८३५ च्या कायद्याने तो खेळ बंद झाला तेव्हा कुत्र्यांच्या झुंजी वाढल्या आणि पकड न सोडणारे, मार खाऊनही मागे न हटणारे कुत्रे निवडून त्यांची पैदास होत राहिली. रॉटवायलर हा जर्मनीतल्या रॉटवाइल गावच्या खाटकांचा कुत्रा. गुरे हाकायची, मालाची राखण करायची, हे त्याचे काम. कॉकेशियन शेफर्ड लांडग्यांपासून मेंढरे राखायचा. म्हणजे यातला कुठलाच कुत्रा सोफ्यावर बसण्यासाठी जन्माला घातलेला नव्हता. स्वभाव मात्र जातीवरून फारसा सांगता येत नाही. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती घेऊन केलेला अभ्यास आला होता. एकेका कुत्र्याच्या वागण्यातला जेमतेम ९ टक्के फरक जातीने उलगडतो, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणून पिटबुल दिसला की तो चावणारच, हे खोटे. पण शरीराची ताकद जातीवरून नक्की सांगता येते. पोमेरेनियन चावला तर पट्टी बांधून, इंजेक्शन घेऊन माणूस संध्याकाळी घरी येतो. पन्नास किलोचा रॉटवायलर चावला तर ऑपरेशन थिएटर गाठावे लागते. चावण्याची शक्यता दोघांची सारखी धरली तरी चुकीची किंमत सारखी नाही. ज्याच्या चुकीची किंमत मोठी, त्याच्या मालकावर अटी कडक असल्या पाहिजेत. माझे सगळे म्हणणे एवढ्यावरच उभे आहे.

परदेशात या प्रश्नाला दोन वाटांनी उत्तर शोधले गेले. इंग्लंडने १९९१ मध्ये धोकादायक कुत्र्यांचा कायदा करून चार प्रकार बंद केले: पिटबुल टेरियर, जपानी टोसा, डोगो अर्जेंटिनो, फिला ब्राझिलेरो. पैदास करणाऱ्यांनी यादीत नसलेले काहीतरी आणले. एक्सएल बुली नावाचा अजस्र कुत्रा लोकप्रिय झाला, माणसे मेली, आणि बत्तीस वर्षांनी, ३१ डिसेंबर २०२३ पासून, सरकारला त्याची पैदास आणि विक्री बंद करावी लागली. जाती माणूसच तयार करतो, त्यामुळे याद्या नेहमी एक पाऊल मागेच राहणार.

दुसरी वाट जर्मनीतल्या लोअर सॅक्सनी राज्याची, आणि ती मला जास्त पटते. तिची पार्श्वभूमी भयंकर आहे. जून २००० मध्ये हॅम्बुर्गमध्ये शाळेच्या मैदानात खेळणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला दोन कुत्र्यांनी ठार मारले. त्यांच्या मालकाला कुत्रा पट्ट्याने बांधून आणि मुसके घालूनच बाहेर काढायचा आदेश आधीच दिलेला होता. त्याने तो पाळला नाही आणि पाळतो की नाही हे कुणी पाहिले नाही. साऱ्या देशात संताप उसळला आणि राज्याराज्यांनी जातींच्या याद्या केल्या. लोअर सॅक्सनीनेही केली, ती न्यायालयात टिकली नाही. मग त्या राज्याने जातीऐवजी माणसाकडे पाहायचे ठरवले. जुलै २०१३ पासून तिथे कुत्रा पहिल्यांदाच पाळणाऱ्याला, जात कुठलीही असो, आधी लेखी परीक्षा द्यावी लागते. कुत्रा घरी आल्यावर वर्षाच्या आत त्याला बरोबर घेऊन प्रात्यक्षिकाची परीक्षा. कुत्र्याच्या कातडीखाली ओळख पटवणारी चिप, सरकारी नोंद आणि इतरांना इजा झाल्यास भरपाई देणारा विमा हे सगळे सक्तीचे. एखादा कुत्रा प्रत्यक्षात आक्रमक निघाला तर त्या कुत्र्याला धोकादायक ठरवून पुढच्या कडक अटी लागतात.

आपल्याकडे असे काही नाही असा समज आहे. प्रत्यक्षात बरेच काही कागदावर आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ पाहा. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून पुरेशी खबरदारी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या दंड संहितेतही हेच होते, दंड हजाराचा होता. आता या तरतुदीची, जुन्या संहितेच्या काळातली, मुंबईतली दोन उदाहरणे. २०१० मध्ये नेपियन सी रोडवर दोघांची वादावादी चालली होती. एकाच्या गाडीत रॉटवायलर होता. दरवाजा उघडू नका, असे सांगूनही त्याने तो उघडला आणि कुत्र्याने बहात्तर वर्षांच्या गृहस्थांचे लचके तोडले. मालकाला तीन महिन्यांची शिक्षा झाली ती जानेवारी २०२३ मध्ये. दुसरे प्रकरण वरळीतल्या इमारतीच्या लिफ्टमधले, २०१८ चे. माझ्या दीड वर्षाच्या मुलाला कुत्र्याची भीती वाटते, जरा थांबा, अशी बापाने विनवणी केली. कुत्र्याच्या मालकाने ती धुडकावून कुत्रा आत ओढला आणि तो बापाच्या हाताला चावला. निकाल मे २०२५ मध्ये लागला, चार महिन्यांची कैद. तो कुत्रा हस्की होता, आणि हस्कीचे नाव सरकारच्या २३ जातींत कुठेही नव्हते.

दोन्हीकडे अपघात म्हणावा असे काही घडलेले नाही. समोरचा माणूस स्पष्ट शब्दांत विनंती करत होता आणि मालकाने ती ऐकली नाही. न्याय मिळायला एकीकडे तेरा वर्षे लागली, दुसरीकडे सात. एवढ्या काळात कुत्र्याचे आयुष्य सरून जाते. चाव्याचा खटला वर्षभरात निकाली निघाला असता तर मानखुर्दच्या रिक्षात बसून हसण्याची हिंमत कमी लोकांना झाली असती, असे मला वाटते.

दुसरा कायदा १९६० चा, प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा. त्याच्या अकराव्या कलमात एक तरतूद फार कमी जणांनी वाचली आहे. कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवले नाही, तर मालक गुन्हेगार ठरतो. मुळशी, कर्जत, अलिबागच्या बाजूला फार्महाऊसच्या फाटकाशी पत्र्याच्या शेडखाली साखळीने बांधलेले जे पिटबुल आणि रॉटवायलर दिसतात, त्यातल्या बहुतेकांचे मालक या कलमात बसतील. आठवडाभर राखणदार लांबून भाकरी टाकतो, शनिवारी साहेब येतात, पाहुण्यांना कुत्रा दाखवतात, फोटो काढतात. असा कुत्रा रागीट होत नसेल तरच नवल. आणि या गुन्ह्याला पहिल्या खेपेस दंड किती? दहा ते पन्नास रुपये. आजही तेवढाच. पन्नास रुपयांत फार्महाऊसवर आलेल्या पाहुण्याला चहा आणि वडापाव धड मिळत नाही, आणि एका मोठ्या जनावराला वर्षानुवर्षे वेडे करण्याची किंमत कायद्याने तेवढी ठरवली आहे. याची मला मनापासून चीड येते.

पण सगळे बिघडते ते त्याच्याही आधी, पिल्लाच्या खरेदीत. जाहिराती बघा: ‘हेवी बोन’, ‘चॅम्पियन लाइन’, ‘केसीआय पेपरसह’ (म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाच्या वंशावळीच्या कागदासह), पेपर नको असतील तर दर कमी. पिल्लू पस्तीस दिवसांचे. २०१७ च्या श्वान पैदास नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही, पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे, पिल्लाला चिप लावलेली पाहिजे. आठ आठवड्यांची अट उगाच नाही. भावंडांशी मस्ती करताना एकमेकांना किती जोराने चावायचे हे पिल्लू याच काळात शिकते. जोरात चावले की समोरचे केकाटते, खेळ थांबतो, पिल्लाला कळते. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात अनोळखी माणसे, मुले, रिक्षा, छत्र्या, फटाके यांची जेवढी ओळख होईल तेवढे ते मोठेपणी निर्धास्त राहते. पस्तीस दिवसांचे पिल्लू आईपासून तोडायचे, मग ‘डेंजर व्हायला हवा’ म्हणून वर्षभर कुणाला जवळ येऊ द्यायचे नाही, कान कापायचे, शेपूट तोडायची, आणि दीड वर्षाने तो कुणाला फाडतो तेव्हा जातीला दोष द्यायचा! कान आणि शेपूट हे कुत्र्याचे बोलणे असते. ते कापले की समोरच्या कुत्र्याला आणि माणसालाही तो कधी ताणला आहे हे कळेनासे होते.

गुरगुरण्याचेही तसेच. कुत्रा गुरगुरला की त्याच्या थोबाडीत मारणारे मालक मी अनेक पाहिले. गुरगुरणे ही सूचना आहे, ‘इथून पुढे नको’ अशी. मार खाऊन खाऊन कुत्रा सूचना देणे सोडतो, आणि मग एक दिवस ‘अचानक चावला हो, आधी काहीच केलं नाही त्यानं’ असे सांगितले जाते.

आता एक चांगले उदाहरण, कारण ती माणसेही आपल्याच आसपास आहेत. आमच्या गल्लीत एका वहिनींकडे रॉटवायलरची मादी आहे, कुणीतरी सोडून दिलेली, निवाऱ्यातून आणलेली. सकाळी साडेपाचला, रस्त्यावर वर्दळ नसताना, त्या तिला फिरवतात. गळ्यात पट्टा, छातीला हार्नेस, दोन्हींना वेगळी दोरी. एक तुटली तरी दुसरी हातात. तोंडाला जाळीचे मुसके. कापडी नाही, कारण कापडी मुसक्यात कुत्र्याला जीभ काढून धापा टाकता येत नाहीत आणि आपल्या उन्हात तो कासावीस होतो. जाळीच्या मुसक्यातून तो पाणी पितो, खाऊही खातो. लिफ्टपाशी कुणी उभे असेल तर वहिनी दोन पावले मागे सरकतात. “तुम्ही जा काका, आम्ही नंतर येतो.” घरी पाहुण्यांची मुले आली की कुत्री आतल्या खोलीत, दार बंद. पाहुणे म्हणतात, अहो येऊ द्या की, मुलांना आवडतात कुत्री. त्या हसून नाही म्हणतात. कुत्रीवर त्यांचा विश्वास नाही म्हणून नव्हे. चार मुले ओरडत धावायला लागली तर तिला काय वाटेल हे आपल्याला नक्की सांगता येणार नाही, एवढी जाण त्यांना आहे. इतकी वर्षे ती कुत्री गल्लीत आहे, तिच्याबद्दल कुणाची एक तक्रार नाही.

याउलट ‘काही करत नाही तो, घाबरू नका’ म्हणणारे मालक. भिंतीला चिकटून उभ्या राहिलेल्या आजींना हे वाक्य ऐकवणे हा उद्धटपणा आहे. सोसायट्यांनी कुत्री पाळण्यावर सरसकट बंदी घालू नये, असे भारतीय प्राणी कल्याण मंडळाने कळवलेले आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्या पत्राची ढाल करून शेजाऱ्याची भीती हसण्यावारी नेणारा मालकच उद्याच्या बंदीला आमंत्रण देतो. भीती वाटणाऱ्याने आपली भीती सिद्ध करून दाखवायची नसते. कुत्रा आवरायची जबाबदारी कुत्रा आणणाऱ्याची.

‘चोऱ्या वाढल्यात, राखणीला पाहिजे’ म्हणून पिटबुल आणणाऱ्यांनाही एक सांगणे आहे. चोराला पळवायला भुंकणे पुरते, आणि त्यात गावठी कुत्र्याचा हात धरणारा कुणी नाही. तो उन्हाळा सोसतो, थोडक्यात भागवतो, गल्लीतली माणसे ओळखतो. हिमप्रदेशातला कॉकेशियन शेफर्ड मे महिन्यातल्या नागपुरात आणून बांधणे ही राखण नव्हे, तो त्या कुत्र्याचा छळ आहे.

मग काय करावे? माझी मागणी साधी आहे. ठरावीक वजनाच्या वरचा कुत्रा, समजा तीस किलोच्या पुढे जाणारा, पाळायचा असेल तर पिल्लू घेण्याआधी महापालिकेचा परवाना. जातीचे नाव काहीही असो. म्हणजे ‘हा पिटबुल नाही, अमेरिकन बुली आहे’ हा वाद संपला. परवान्याआधी दोन दिवसांचा वर्ग आणि छोटी परीक्षा: कुत्र्याची देहबोली, मुसके कसे लावायचे, मुलांना कसे दूर ठेवायचे, चावल्यास काय करायचे. घराची पाहणी. तिऱ्हाइताला इजा झाल्यास भरपाई देणारा विमा. चिप, आणि चिपच्या नोंदीत पिल्लू ज्याने विकले त्याचेही नाव, म्हणजे प्रश्न निर्माण झाला तर माग थेट विकणाऱ्यापर्यंत जाईल. बहुतेक महापालिकांत कुत्र्याचा परवाना आजही घ्यावा लागतो; पण सहसा रेबीजच्या लसीचा दाखला आणि शुल्काची पावती यापलीकडे तो मालकाला काही विचारत नाही. पिटबुलचे वजन तीस किलोच्या आतबाहेर असते, मग तो सुटेल, अशी शंका कुणी काढेल. मर्यादा वीसवर आणा. लॅब्रॅडॉरवाल्यांनाही परीक्षा द्यावी लागली तर त्यात कुणाचे काही बिघडत नाही.

हे सगळे महाग पडेल, गरिबाने कुत्रा पाळूच नये का, असेही विचारले जाईल. दारातला गावठी कुत्रा बहुतेक वेळा वीस किलोच्या आतच भरतो, त्याला यातले काही लागू होणार नाही. आणि चाळीस-पन्नास हजारांचे पिल्लू घेणाऱ्याला विम्याचा हप्ता जड जात असेल, तर चावा बसलेल्या मुलाच्या ऑपरेशनचा खर्च तो कुठून देणार? आज तो खर्च त्या मुलाचा बाप देतो, बऱ्याचदा कर्ज काढून.

आज जे कुत्रे घरांत आहेत त्यांच्यासाठी वेगळा मार्ग लागेल. सहा महिन्यांची मुदत द्यावी, त्या काळात येऊन नोंद करणाऱ्या मालकाला दंड करू नये. चिप आणि निर्बीजीकरण महापालिकेच्या दवाखान्यात फुकट व्हावे. ज्याला कुत्रा सांभाळणे जमत नाही त्याला तो निवाऱ्यात रीतसर देता यावा, आणि त्यासाठी निवाऱ्यांना पैसे मिळावेत, कारण एक मोठा कुत्रा सांभाळायला स्वतंत्र पिंजरा, फिरवायला ताकदीचा माणूस आणि महिन्याला हजारो रुपयांचे खाणे लागते. मुदत संपल्यावर नोंद नसलेला मोठा कुत्रा सापडला तर मालकावर जबर दंड, आणि पुढची दहा वर्षे दुसरा कुत्रा पाळायला मनाई. प्राण्याशी क्रूरपणे वागल्याबद्दल शिक्षा झालेल्याला १९६० च्या कायद्याखाली न्यायालय प्राणी बाळगायला मनाई करू शकते; पण मानखुर्दच्या त्या माणसासारख्या, कुत्र्याला दुसऱ्याच्या अंगावर जाऊ देणाऱ्यासाठी कलम २९१ मध्ये अशी मनाई नाही. राज्य सरकारने ती सर्वांत आधी लिहावी.